अमेरिकेतील कायम वास्तव्य : अर्ज आणि प्रतीक्षा

परदेशी गेलेल्या मुलामुलींविषयी आपल्याकडे दोन माणसे बोलू लागली की तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न ठरलेला असतो : "मग, ग्रीन कार्ड झाले का?" उत्तर येते, "अजून नाही. अर्ज केलेला आहे." पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही तेच येते. ऐकणाऱ्यास वाटते की, एक तर मुलगा काही तरी दडवीत असावा, नाही तर अमेरिकेतील कचेऱ्या आपल्या तालुका कचेरीहूनही संथ असाव्यात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मुलगा खरे सांगतो आहे आणि कचेरीने त्याचे काम बहुधा केव्हाच उरकले आहे. मग दहा-बारा वर्षे जातात कोठे, हे आज पाहावयाचे आहे.

कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथेही आपले लोक पुष्कळ आहेत. पण तेथील गोष्ट सांगून लवकर संपते. अमेरिकेची संपत नाही, म्हणून आम्ही मुख्यतः तिच्याविषयीच बोलू.

प्रथम एक भेद मनात पक्का केला पाहिजे. कोणत्याही परवान्यास दोन प्रकारचा वेळ लागतो. एक कागद तपासण्याचा आणि दुसरा जागा रिकामी होण्याचा. आगगाडीचे तिकीट खिडकीवर दोन मिनिटांत मिळते, परंतु गाडीत जागाच नसेल तर ती दोन मिनिटे काय कामाची? अमेरिकेच्या बाबतीत आपण ज्यास 'अर्ज चालू आहे' म्हणतो तो काळ बहुतांशी या दुसऱ्या जातीचा असतो.

हे असे का झाले, ते समजण्यास थोडे मागे जावे लागते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना व्हिसा काढावा लागला नाही, कारण व्हिसा ही वस्तूच तेव्हा अमेरिकेस ठाऊक नव्हती. आदल्याच वर्षी, १८८२ साली, चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा मात्र झाला होता. पुढे १९१७ साली नकाशावर रेघा ओढून आशियाचा मोठा पट्टा निषिद्ध ठरविण्यात आला आणि हिंदुस्थान त्यात सापडला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वाचा हक्क मागितला, तेव्हा १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय मनुष्य 'गोरा' नसल्याने नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. १९४६ साली हे दार किंचित उघडले. किती? तर वर्षाला १०० माणसांपुरते. तरीही त्या फटीतून जे आत राहू शकले त्यांपैकी दलीपसिंग सौंद हे १९५६ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.

खरा बदल १९६५ चा. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली. वंश व जन्मदेश यांवरून उच्चनीच ठरविणारे जुने कोष्टक गेले. नव्या कायद्याचे तत्त्व असे की, सर्व देश सारखे. पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशास वर्षाला जास्तीत जास्त २०,००० व्हिसे. मग तो देश इंग्लंड असो की हिंदुस्थान. ज्यांना काल १०० जागा होत्या त्यांना हे वरदानच वाटले. आपल्याकडील डॉक्टर व इंजिनीयर त्यानंतर मोठ्या संख्येने गेले, आणि तेव्हा त्यांना फार थांबावे लागले नाही. 'सर्व देश सारखे' याच तत्त्वाने पुढे त्यांच्या भाच्यापुतण्यांची वाट अडविली, ही या कथेतील विचित्र गोष्ट आहे. कायद्याने तेव्हा अन्याय दूर केला, हेही तितकेच खरे आहे.

आजचा हिशेब १९९० च्या कायद्याने घालून दिला. नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे १,४०,००० परवाने दरवर्षी द्यावयाचे, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस त्यांतील साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत. म्हणजे ९,८००. आता हे परवाने एकट्या नोकरदाराचे नव्हेत. त्याची पत्नी व मुलेही याच आकड्यात मोजली जातात. शिवाय हा आकडा पाच वर्गांत विभागलेला आहे. आपले बहुसंख्य लोक दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात येतात : उच्च पदवीधर, आणि पदवीधर व कुशल कामगार. या प्रत्येक वर्गातील ७ टक्के काढले तर भारताच्या वाट्याला सुमारे २,८०० परवाने येतात. नवरा, बायको आणि एक मूल असे घर धरले तर ही साडेनऊशे कुटुंबेही होत नाहीत. संगणकाच्या धंद्याने घराघरांतील मुले तिकडे ओढून नेली ती हा कायदा झाल्यानंतर, आणि १९९० चा आकडा जागचा हललेला नाही.

पंढरपूरची दर्शनबारी श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कल्पना करा की, देवस्थानाने नियम केला, गाभाऱ्यात सोडलेल्या दर शंभर माणसांत एका गावची सातच असतील. गाव पाचशे वस्तीचे असो की पुण्याएवढे. दहा घरांच्या वाडीतला वारकरी सकाळी येईल आणि दुपारी पेढे घेऊन घरी जाईल. पुण्याची रांग मात्र गोपाळपूर ओलांडून पलीकडे जाईल, आणि ती पुजाऱ्याने कितीही चपळाई केली तरी हटणार नाही. आइसलंड आणि भारत यांना येथे एकच मोजमाप आहे. एवढी सवलत मात्र आहे की, एखाद्या वर्गात इतर देशांचे अर्ज कमी पडून परवाने उरले, तर ते सर्वांत जुनी तारीख असलेल्यास मिळतात, आणि तो बहुधा भारतीयच असतो. म्हणून काही वर्षी रांग एकदम पुढे सरकते.

येथे मोजला जातो तो जन्म, पासपोर्ट नव्हे. मस्कत किंवा नैरोबी येथे जन्मलेला देशपांडे भारताच्या रांगेत उभा राहत नाही. तो ओमान किंवा केनियाच्या रांगेत उभा राहतो आणि त्याचे काम लवकर होते. एवढेच नव्हे तर, त्याच्याशी लग्न केलेली, सांगलीत जन्मलेली मुलगीही त्याच्या देशाच्या खात्यात अर्ज लावू शकते. उलट लहानपणीच आईबापांबरोबर कॅनडात जाऊन तेथील नागरिक झालेला साताऱ्याचा मुलगा या हिशेबात भारतीयच राहतो.

आता प्रत्यक्ष पायऱ्या पाहू. पहिली पायरी तात्पुरत्या कामाच्या व्हिशाची, ज्यास एच-१बी म्हणतात. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेतच मास्टरची पदवी घेतलेल्यांस आणखी २०,०००. नावे मार्चमध्ये नोंदवावयाची, निवड झाल्यास अर्ज करावयाचा आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू करावयाचे. २०२३ च्या मार्चमध्ये या ८५,००० जागांसाठी साडेसात लाखांहून अधिक नोंदी आल्या, आणि निवड झाली ती चिठ्ठ्या टाकून. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष ट्रंप यांनी परदेशातून नव्याने आणावयाच्या अशा नोकरदारामागे कंपनीवर १ लाख डॉलरची रक्कम बसविणारे फर्मान काढले. व्हिसा प्रथम तीन वर्षांचा, पुढे आणखी तीन. एकूण सहा वर्षे. सहा वर्षांनी घरी परतावे, अशी मूळ कल्पना.

या सहा वर्षांच्या आत कंपनीने कायम परवान्याची खटपट सुरू करावयाची असते. ती कंपनीने करावयाची, मुलाने नव्हे, ही गोष्ट इकडील आईबापांच्या लक्षात सहसा येत नाही. "तू अर्ज का करीत नाहीस?" असे ते मुलास विचारतात, आणि मुलगा गप्प बसतो. कंपनी प्रथम कामगार खात्याकडून त्या जागेचा रास्त पगार ठरवून घेते. नंतर वर्तमानपत्रांत जाहिराती देते आणि लायक अमेरिकन मनुष्य मिळाला नाही असे दाखविते. मग त्याच खात्याकडे दाखल्याचा अर्ज करते. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस महत्त्वाचा. ती 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेत उभे राहिल्याची तारीख. अलीकडच्या काळात या एवढ्या भागालाच वर्षाहून अधिक काळ लागत आला आहे. पुढची पायरी इमिग्रेशन खात्याकडे कंपनीने करावयाच्या विनंतीची, जिला आय-१४० म्हणतात. जास्तीची फी भरली तर तिचा निकाल बहुतेक वर्गांत कामाच्या १५ दिवसांत मिळतो. पंधरा दिवस! म्हणजे हा मनुष्य लायक आहे, त्याची नोकरी खरी आहे, देशास त्याची गरज आहे, हे सरकारने मान्य केले. आता उरली ती शेवटची पायरी, प्रत्यक्ष परवाना देण्याची. तिच्या तपासणीला काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष. मात्र ती पायरी चढण्यास आपला क्रमांक लागला पाहिजे.

क्रमांक लागला की नाही हे परराष्ट्र खाते दर महिन्यास एक पत्रक काढून सांगते. त्यास व्हिसा बुलेटिन म्हणतात. हजारो भारतीय घरांत ते पंचांगासारखे पाहिले जाते. त्यात प्रत्येक वर्गापुढे आणि देशापुढे एक तारीख असते. ज्याची प्रायॉरिटी डेट तिच्या अगोदरची, त्याचा क्रमांक लागला. २०२४ च्या ऑक्टोबरच्या पत्रकात दुसऱ्या वर्गात भारतापुढे तारीख होती १५ जुलै २०१२. चीनपुढे २२ मार्च २०२०. बहुतेक इतर सर्व देशांपुढे १५ मार्च २०२३. तीच पदवी, तीच कंपनी, कदाचित शेजारचे टेबल. पण ब्राझीलमध्ये जन्मलेला दीड वर्ष थांबला आणि नागपूरचा बारा वर्षे.

यावरून कोणी असा हिशेब करील की, आज अर्ज लावला तर बारा वर्षांनी काम होईल. हा हिशेब चुकतो. बारा वर्षे लागली ती २०१२ साली रांगेत शिरलेल्यास. तेव्हा रांग मंडपापर्यंत होती. आज शिरणारा गोपाळपूरच्याही पलीकडे उभा आहे. आणि पत्रकातील तारीख दिवसाला दिवस अशी सरकत नाही. कधी महिनोन्महिने जागची हलत नाही, कधी वर्षभराची उडी मारते आणि कधी मागेही जाते. कोविडच्या साथीत परदेशांतील वकिलाती बंद राहिल्याने नातेवाइकांच्या वर्गातील परवाने पडून राहिले आणि कायद्याप्रमाणे ते पुढील वर्षी नोकरीच्या वर्गात आले. त्यामुळे २०२१ व २०२२ या सरकारी वर्षांत १,४०,००० च्या जागी अडीच लाखांहून अधिक परवाने उपलब्ध झाले. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत भारताची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत धावत गेली. मग भरती ओसरली. डिसेंबर २०२२ मध्ये तीच तारीख ८ ऑक्टोबर २०११ वर येऊन बसली. ज्यांना सप्टेंबरमध्ये 'क्रमांक लागला' असे सांगण्यात आले, पण ज्यांच्या कागदांवर शेवटची सही झाली नव्हती, ते पुन्हा रांगेत गेले. तशात २०२१ च्या वर्षातील साठ हजारांहून अधिक परवाने खात्याच्या हातून वेळेत वाटलेच गेले नाहीत आणि वर्ष संपताच बुडाले. कचेरी निर्दोष आहे असे आम्ही आरंभी सुचविले, त्यास हा एक अपवाद समजावा.

वॉशिंग्टनमधील केटो इन्स्टिट्यूटचे अभ्यासक डेव्हिड बीअर यांनी २०२३ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. नोकरीच्या वर्गात १८ लाख माणसे खोळंबली असून त्यांत ११ लाख भारतीय आहेत, आणि या दोन वर्गांत नव्याने अर्ज लावणाऱ्या भारतीयास १३४ वर्षे लागतील, असे त्यांनी मांडले. हा आकडा वर्तमानपत्रांतून बराच गाजला. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. १३४ वर्षे कोणी थांबणार नाही हे तर उघडच आहे. माणसे मरतील, परत येतील, दुसऱ्या देशी जातील, आणि तेवढी रांग विरळ होईल. तो एक साधा भागाकार आहे. पण भागाकाराचे उत्तर माणसाच्या आयुष्याहून मोठे यावे, यातच सर्व आले.

२००७ सालचा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. त्या वर्षीच्या जूनच्या मध्यावर जुलैचे पत्रक आले आणि त्यात नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांपुढील तारखा काढून टाकलेल्या होत्या. ज्याला अर्ज करावयाचा असेल त्याने करावा. लोकांनी रजा रद्द केल्या, इकडे आलेल्या बायकांस तातडीने बोलावून घेतले, वैद्यकीय तपासण्यांसाठी डॉक्टरांच्या दारांत गर्दी केली. २ जुलैला, अर्ज पोहोचू लागले त्याच दिवशी, खात्याने सांगितले की परवाने संपले, आता कोणताही अर्ज घेतला जाणार नाही. आदल्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट आला होता. त्यातील गांधीगिरी मनात धरून भारतीय मंडळींनी इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या नावे फुले पाठविण्यास सुरुवात केली. शेकडो गुच्छ कचेरीत येऊन पडले. संचालकांनी ती फुले वॉल्टर रीड रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे पाठविण्याची व्यवस्था केली. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरविला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेण्याचे मान्य केले. वकिलांनी खटल्याची तयारी केली होती आणि काही लोकप्रतिनिधीही रागावले होते, तेव्हा श्रेय एकट्या फुलांचे नव्हे. पण फुलांमुळे ती बातमी झाली खरी.

एवढी वर्षे हा मनुष्य तेथे राहतो कसा? सहा वर्षांची मुदत तर संपून गेलेली असते. २००० साली कायद्यात सुधारणा झाली : ज्याची आय-१४० मंजूर आहे पण ज्याचा क्रमांक लागलेला नाही, त्याचा तात्पुरता व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढवीत न्यावा. तेव्हा तो बेकायदा नसतो. घर घेतो, कर भरतो. पण त्याचे सारे बस्तान एका नोकरीवर उभे असते. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास फार तर ६० दिवस, तेही व्हिशाची मुदत त्याआधी संपत नसेल तर. कंपनी बदलली तर दाखल्याचा सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो; जुनी तारीख मात्र बहुधा टिकते, एवढा दिलासा. चांगली बढती आली आणि कामाचे स्वरूपच बदलले, तर ती घ्यावी की नाही हे आधी वकिलास विचारावे लागते. पत्नी कितीही शिकलेली असली तरी २०१५ पर्यंत तिला या व्हिशावर काम करण्याची मुभाच नव्हती. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस राज्यात एका भारतीय इंजिनीयरची वर्णद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. तो याच रांगेत होता. त्याच्या मृत्यूबरोबर त्याच्या पत्नीचा त्या देशात राहण्याचा हक्कही संपला, कारण तिचा व्हिसा त्याच्या व्हिशाला टांगलेला होता. तेथील एका लोकप्रतिनिधीने मध्ये पडून तिला तात्पुरता परवाना मिळवून दिला.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. पुण्यात जन्मलेले दोन वर्षांचे मूल आईबापांबरोबर जाते, तेथेच शाळेत वाढते, मराठी अडखळत बोलते. एकविसाव्या वर्षी ते कायद्याने 'मूल' राहत नाही आणि बापाच्या अर्जातून गळून पडते. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा, किंवा देश सोडावा. २००२ च्या एका कायद्याने थोडे संरक्षण दिले : क्रमांक लागेल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस तपासणीत होती तितके दिवस वजा करावयाचे. यात एक गंमत आहे, म्हटले तर क्रूर. ज्या बापाने जास्तीची फी भरून पंधरा दिवसांत निकाल आणला, त्याच्या मुलाच्या वयातून ते थोडेसे दिवसच वजा होतात. ज्याची विनंती वर्षभर धूळ खात पडली, त्याच्या मुलास वर्ष मिळते. आणि त्याच घरात २०१४ साली तेथेच जन्मलेली धाकटी बहीण जन्मतःच अमेरिकन नागरिक असते.

इतर देशांविषयी थोडक्यात. कॅनडाने २०१५ पासून जी पद्धत सुरू केली तीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना १,२०० पैकी गुण देतात. ज्याला निमंत्रण येते त्याचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे खात्याचे उद्दिष्ट असते, आणि जन्मदेशाची अट नाही. तेथे अडचण असते ती निमंत्रणापुरते गुण मिळविण्याची. जर्मनीत २०२३ च्या नोव्हेंबरपासून ब्लू कार्डवर काम करणाऱ्यास २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येते, आणि जर्मन भाषेची मध्यम परीक्षा उतरल्यास २१ महिन्यांनी. अमेरिकेच्या रांगेत दहा वर्षे काढून कॅनडात गेलेली कुटुंबे आहेत, ती याचमुळे.

मग अमेरिका कायदा का बदलत नाही? प्रयत्न झाले. देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक कनिष्ठ सभागृहात २०११ साली ३८९ विरुद्ध १५ आणि २०१९ साली ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. २०२० च्या डिसेंबरमध्ये वरिष्ठ सभागृहानेही ते संमत केले, पण निराळ्या रूपात. दोन्ही रूपांचा मेळ बसण्यापूर्वी मुदत संपली. विरोधकांचे म्हणणे असे की, एकूण आकडा न वाढविता मर्यादा काढली तर काही वर्षे बहुतेक सारे परवाने भारतीय व चिनी लोकांस जातील आणि फिलिपीन्सची परिचारिका किंवा नायजेरियाचा इंजिनीयर उगाच अडकेल. आम्हांस हे म्हणणे खोटे वाटत नाही. रांगेतील माणसांची अदलाबदल केल्याने रांग लहान होत नाही. तिच्यावर उपाय १,४०,००० हा आकडा वाढविण्याचा, किंवा निदान बायकामुलांस त्या आकड्याबाहेर काढण्याचा. आणि तेथील राजकारणात परदेशी माणसांची संख्या वाढविण्याचे नाव काढणे अलीकडे फार कठीण झाले आहे.

व्याख्यानानंतर आईबाप एकेकटे येऊन विचारतात, "आमच्या मुलाचे कधी होईल?" तारीख सांगणे कोणासच शक्य नाही. पण मुलास फोनवर "झाले का?" असे विचारण्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात : वर्ग कोणता, प्रायॉरिटी डेट कोणती, आय-१४० मंजूर झाली आहे का, आणि सूनबाईंचा किंवा जावईबापूंचा जन्म कोठला. नातवंड इकडे जन्मलेले असेल तर त्याचे वय आपल्याला ठाऊक असतेच. ते एकविसातून वजा करून पाहावे.